गिऱ्हाइकाचे गुडघे

४ फेब्रुवारी

ताई,

अप्पांच्या बोटीला गिऱ्हाईक मिळालंय. आधी खाली बस, मग पुढचं वाच.

फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस, शिवाय तुझ्या कारखान्यात शिवणयंत्रांचा खडखडाट. म्हणून लिहितोय. माणूस चांगला आहे, ओळखीतलाच म्हण. वय माझ्याच आसपास, कामधंद्यातून मोकळा झालेला, बायको जाऊन काही वर्षं झालेली. त्याला बोट मिरवायला नकोय, तिच्यात राहायचंय. एरवी धक्क्याला बांधून राहील, हवा बरी असली की शीड उभारून चक्कर मारून येईल. बोट चालवायला त्याला येते.

त्याची अट एकच. केबिनची जमीन नवी हवी. आपण मागे आत गेलो होतो तेव्हा जिन्याच्या पायथ्याशी फळ्या पावलाखाली दबत होत्या, आठवतंय? मी लपवाछपवी न करता त्याला ते सांगून टाकलं. त्याचे गुडघे कुरकुरतात, त्यामुळे चकचकीत, घसरडी जमीन नको. जिना उतरून पहिलं पाऊल पडतं तिथे तर अगदी भरवशाची हवी.

काम तू करावंस असं मला वाटतं. शिडं शिवणं हा तुझा धंदा असला तरी अप्पांच्या हाताखाली रंधा तूच मारलास, मी फक्त भुसा झाडला. सामानसुमानाचं मी बघतो. मे संपायच्या आत झालं तर बरं, त्याला घाई आहे.

भावोजींना नमस्कार.

तुझा
बारक्या


११ फेब्रुवारी

बारक्या,

मी उभ्यानंच पत्र वाचलं आणि उभीच राहिले.

अप्पा गेल्यापासून ती बोट आमच्या आवारात ताडपत्रीखाली झाकून ठेवलीय. दर वर्षी मी म्हणते पाण्यात उतरवू, आणि दर वर्षी कुणाचं तरी फाटकं शीड माझ्या टेबलावर येऊन पडतं. तेव्हा विकायची म्हटल्यावर आधी जाऊन ताडपत्रीच्या दोऱ्या आणखी आवळून आले, हे खरं. पण दोन दिवस विचार केला. माणूस राहत नाही ते घर बसतं, बोटीचंही तेच. कुणी तरी तिच्यात राहणार असेल तर राहू दे. तुझ्यासारखा आणखी एक नमुना जगात आहे हे ऐकून बरं वाटलं.

ताडपत्री काढली आहे. आमच्या ह्यांनी क्रेनच्या कामातून सवड काढून वायर ओढली आणि आत दिवा लावून दिला. जुन्या फळ्यांचे स्क्रू अप्पांनी लाकडी बुचं ठोकून झाकले होते, ती एकेक उकरून काढतेय. काही स्क्रू मुकाट्यानं येतात, काहींना तुझ्यासारखी मनधरणी लागते. प्रत्येक फळीवर खडूनं आकडा घालून ओळीनं मांडून ठेवतेय. फळ्या टाकाऊ असल्या तरी त्यांचा आकार मोलाचा आहे. बोटीत एकही भिंत सरळ नसते. ओळंबा आणि गुण्या घेऊन आत गेलास तर ते दोघं तुला हसतील.

तुझ्या गिऱ्हाइकाला विचार, रंग गडद हवा की फिका. आणि एक सांगून ठेव, मी घाईचं काम करत नाही. घाई असेल त्यानं चटई अंथरावी.

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

गिऱ्हाईक म्हणतो, फिका. सागाच्या पट्ट्या आणि मधे पांढुरक्या लाकडाची बारीक रेघ, अप्पांची होती तशीच. केबिनमध्ये उजेड कमी असतो, त्यात हातातून काही पडलं तर सापडायला हवं. नजर आता पहिल्यासारखी राहिली नाही म्हणतो. मी त्याला चष्मा बदल म्हटलं, शेवटी चष्म्याच्या दुकानात जन्म गेला माझा.

आणखी दोन गोष्टी त्यानं विचारल्यात. डाव्या बाकावर पाय पूर्ण लांब करून झोपता येईल का? उंचीला तो साधारण माझ्याएवढाच आहे. आणि तळात साठलेलं पाणी बघायला जमिनीत जे झाकण असतं, ते वाकून उचलावं लागू नये, अशी काही युक्ती आहे का? गुडघ्यांचं सांगितलंच आहे.

खडूचे आकडे वाचून अप्पा डोळ्यांसमोर आले. पण त्यांच्या वेळी तू इतकी शिस्तीची नव्हतीस.

बारक्या


९ मार्च

बारक्या,

बाकावर पाय लांब होतील, मी स्वतः झोपून बघितलं. झाकणाला पितळी कडी आणि वर हुक लावलेली काठी, उभ्या उभ्या उचलेल. हे झालं गोड. आता कडू ऐक.

शेवटच्या चार फळ्या खांबाच्या बाजूच्या होत्या. डोलकाठी आपल्या बोटीच्या छपरावर उभी आहे. तिचा सगळा भार केबिनमधला तो लाकडी खांब पेलतो, आणि खांब जमिनीतून खाली जाऊन एका आडव्या तुळईवर टेकतो. खांबाला धरून तू नेहमी गोल गोल फिरायचास, तोच. फळ्या निघाल्यावर त्या तुळईला मी नुसता स्क्रूड्रायव्हर टेकवला. तो आत गेला. जोर लावावा लागला नाही, ओल्या केकमध्ये सुरी जावी तसा मुठीपर्यंत गेला. दुसरीकडे टेकवला, तिथेही तेच.

मी ह्यांना हाक मारली. हे आले, बॅटरी मारली, बोटानं थोडं लाकूड उकरलं. पिठासारखं चुरलं.

हे म्हणाले, "उभी कशी आहे ही अजून?"

मी म्हटलं, "सवयीनं."

डोलकाठीच्या बुडाशी छपरात केसाएवढी भेग आहे. पावसाचं पाणी खांबावरून उतरत वर्षानुवर्षं तुळईत मुरलंय. खाऱ्या पाण्यात लाकूड टिकतं, गोडं पाणीच घात करतं. वर ताडपत्री होती, पण तिच्यातूनही थेंब जातच असणार.

म्हणजे आता नुसत्या जमिनीनं भागत नाही. डोलकाठी उतरवायची, खांब काढायचा, तुळई नवी घालायची, भेग बुजवायची, मग जमीन. मे महिना विसर. गिऱ्हाइकाला तसं कळव.

ताई


१५ मार्च

ताई,

पत्र वाचलं. तुझी काळजी कळते, पण जरा शांतपणे बघ.

तो माणूस काही सातासमुद्रापार जायचा नाही. धक्क्याला बांधून राहणार, वारा मंद असला तरच बाहेर पडणार. ती तुळई इतकी वर्षं उभी आहे, आणखी चार-दोन वर्षं सहज निघतील. तिच्या दोन्ही बाजूंना जाड फळीचे तुकडे ठोकून आधार दे आणि वर नवी जमीन घाल. पुढे वाटलं तर तोच सवडीनं बदलून घेईल. डोलकाठी उतरवायची म्हणजे भावोजींना त्रास, तुझा हंगाम तोंडावर, शिडांचे ढीग पडलेले. आणि त्याला मे अखेरीला खरोखरच जागा हवी आहे. तारखेवर त्याचं बरंच काही अवलंबून आहे.

मी तुला एरवी असं काही सांगितलं नसतं.

बारक्या


१९ मार्च

बारक्या,

तू हे खरंच लिहिलंस की झोपेत लिहिलंस?

मला त्या माणसाचं नाव माहीत नाही, तोंड माहीत नाही. पण त्याला डाव्या बाकावर पाय लांब करायचे आहेत, एवढं माहीत आहे. तो बाक त्या खांबाला लागून आहे. वारा मंद असेल तरच बाहेर पडणार म्हणतोस. वारा आपल्याला विचारून वाढतो का? एखाद्या दुपारी शीड भरलेलं असताना अचानक झोत आला, की सगळा भार त्या पिठावर येणार. खांब खाली खचेल, डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा सैल पडतील, आणि ती कुठल्या बाजूला जाईल ते तिची मर्जी. वर नवी, देखणी जमीन घालून मी हे झाकायचं? मग उद्या मी त्या माणसाला धक्क्यावर नमस्कार कसा करू?

तुझ्या पत्राची वाट न बघताच आम्ही डोलकाठी उतरवली. ह्यांनी क्रेन इतकी हळू चालवली की खाली उभी असलेली आमची दोन माणसं जांभया द्यायला लागली. ती आता आवारात लाकडी तिवयांवर आडवी ठेवलीय. तेव्हा तुझा आधाराच्या फळ्यांचा बेत आपोआपच बारगळला.

गिऱ्हाइकाला खरं काय ते तू सांग. नाही तर पत्ता पाठव, मी लिहिते. ऐकून त्यानं नको म्हटलं तर नको. गिऱ्हाईक गेलं तर दुसरं मिळेल.

तुझा स्वभाव असा नव्हता रे. दुकानात भिंगाचा नंबर जरासा चुकला तर दुसऱ्या दिवशी स्वतः घरी जाऊन चष्मा परत आणणारा माणूस तू. काय झालंय तुला?

ताई


२८ मार्च

ताई,

सांगितलं त्याला.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुमच्या ताईंचं बरोबर आहे. लागेल तेवढा वेळ घेऊ दे." बोट त्याला हवीच आहे.

पत्ता मात्र मागू नकोस. त्याला पत्रव्यवहाराचा कंटाळा आहे.

बारक्या


१० एप्रिल

आत्या, नमस्कार.

माझं पत्र बघून तुम्ही चकित व्हाल. सुनेनं सासऱ्याची चहाडी करावी असं माझ्या मनात नाही, पण कुणाशी तरी बोलायला हवं होतं, आणि बाबा ऐकतात ते तुमचंच.

फेब्रुवारीत बाबांनी त्यांच्या खोलीतला पलंग मोडून माळ्यावर टाकला. मग जमिनीवर निळी चिकटपट्टी लावून एक लांबट आकार आखला. एका टोकाला निमुळता. मोजमापं लिहिलेला एक कागद असतो हातात. त्या आकाराच्या आत डाव्या बाजूला एक अरुंद गादी टाकलीय, तिच्यावर झोपतात. सगळं सामान त्या पट्टीच्या आत बसवायचा खटाटोप चाललेला असतो. जे बसत नाही ते देऊन टाकतात. कोट दिला, पुस्तकांची दोन खोकी दिली, आरामखुर्ची समोरच्या शिंप्याला दिली. खोलीच्या मध्यावर एक उभी काठी बांधलीय, तिला धरून वळतात. दारातून बाहेर येताना मान खाली घालतात, आमचं दार चांगलं उंच असूनही.

ह्यांनी विचारलं तर म्हणाले, "व्यायाम आहे."

तुमचं मार्चमधलं एक पत्र आलं, त्या दिवशी ते जेवले नाहीत. पट्टीच्या आत गादीवर बसून काठीकडे बघत राहिले. मी पाणी द्यायला गेले तर म्हणाले, "सूनबाई, माणूस किती सहज स्वतःलाच फसवतो." मला काही कळलं नाही.

आत्या, त्यांना घरात कुणी काही बोललेलं नाही. दुकान ह्यांच्या हाती दिल्यापासून ते जरा मोकळे-मोकळे फिरतात, एवढंच. डॉक्टरांना दाखवावं का? तुम्हाला काही ठाऊक असेल तर कळवा.

तुमची
सूनबाई


१६ एप्रिल

बारक्या,

तुझ्या सुनेचं पत्र माझ्यासमोर आहे. निळ्या चिकटपट्टीचं सगळं कळलं.

ताकाला जाऊन भांडं लपवायची तुझी खोड म्हातारपणीही गेली नाही. ओळखीतला माणूस म्हणे. वय माझ्याच आसपास म्हणे. गुडघे कुरकुरतात म्हणे. आणि मीही अशी शहाणी की सगळं समोर असून ओळखलं नाही. हे तर म्हणतात, ह्यांना दुसऱ्याच पत्राला शंका आली होती. मग बोलला का नाहीत विचारलं, तर म्हणाले, "तू कुठे विचारलंस?"

आता नीट ऐक. तुझ्या मुलानं तुला घराबाहेर पडायची वेळ आणली असेल तर मी पहिल्या गाडीनं येते आणि त्याचा कान धरते. सूनबाई कितीही गोड लिहू दे. दुकान दिलंस, आता खोलीवर डोळा आहे का त्यांचा?

आणि बोटीत राहायचं काय कारण? माझ्या घराची वरची खोली रिकामी आहे. खिडकीतून बंदर दिसतं. दोन वेळचं गरम जेवण मिळेल, गुडघ्यांना शेक मिळेल, संध्याकाळी हे आहेत गप्पांना. सामान बांध आणि ये.

बोटीचं काम मी थांबवलंय. तुळई बसवून झाली आहे, पण जमीन घालणार नाही. माझ्या भावाला उतारवयात हलत्या फळीवर झोपवायला मी हातात रंधा घेतलेला नाही.

ताई


२३ एप्रिल

ताई,

या पत्राला उत्तर लिहायच्या आधी ते दोनदा वाच. एवढंच मागतो.

मला कुणी हाकललेलं नाही. मुलाचा कान सोड. तो आणि सूनबाई माझं जेवढं करतात तेवढं मी अप्पांचं केलं नाही. मीच निघतोय, आणि मला निघायचंय.

दुकान दिलं त्याला वर्ष झालं. पहिल्या दिवशी सवयीनं सकाळी जाऊन बसलो. मुलानं नवीन यंत्र आणलंय, माणूस समोर बसला की नंबर आपोआप कागदावर येतो. मला त्याचं वाईट वाटलं नाही, कौतुकच वाटलं. पण दुपारी मी बाहेर आलो आणि फुटपाथवर उभा राहिलो, तेव्हा लक्षात आलं की कुठे जायचं हे मला ठरवायचं आहे. जन्मात पहिल्यांदा. आधी अप्पांनी ठरवलं, मग दुकानानं, मग हिच्या आजारपणानं. मी तिथेच उभ्या उभ्या ठरवलं. बोट.

गिऱ्हाइकाचं सोंग का घेतलं विचारशील. तू मागच्या पत्रात जे केलंस तेच तू करशील हे मला माहीत होतं म्हणून. वरची खोली, गरम जेवण, शेक. ताई, तू लहानपणापासून मला सांभाळलंस. शाळेत नेलंस, माझ्यासाठी मारामाऱ्या केल्यास, ही गेल्यावर महिनाभर येऊन राहिलीस. त्या सगळ्याचं मी मनात ठेवलंय. पण आता मला सांभाळून घ्यायचं नाहीये. मला स्वतःचा चहा स्वतः करायचाय, नांगर टाकायचाय, चुकलो तर ओलं व्हायचंय. माझे गुडघे कुरकुरतात, पण मी पट्टीच्या आत दोन महिने झोपतोय आणि मला इतकी गाढ झोप कधी लागली नव्हती.

मार्चमध्ये तुळई झाक म्हणालो ते मात्र साफ चुकलं. तारीख मीच ठरवली होती आणि तिच्यापायी मी स्वतःच्याच पायाखालचं लाकूड बघायला तयार नव्हतो. तुझं ते पत्र वाचलं आणि मान खाली गेली. तू एका अनोळखी माणसासाठी माझ्याशी भांडत होतीस, आणि तो अनोळखी माणूस मी होतो.

एक विचारतो. गिऱ्हाईक मीच आहे हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत असतं, तर तू काय केलं असतंस?

काम पुरं कर, ताई. करणार नसशील तर सांग, मी येऊन करतो. वाकडंतिकडं होईल, पण करीन.

बारक्या


६ मे

बारक्या,

दोनदा नाही, चार-पाच वेळा वाचलं. म्हणून उशीर झाला. शिवाय रागही पुरा ओसरू द्यायचा होता.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. पहिल्या दिवशी कळलं असतं तर मी फळ्या उचकटल्याच नसत्या. तुला वरच्या खोलीत आणून बसवलं असतं, बोटीवर ताडपत्री तशीच राहिली असती, आणि तुळई खाली गुपचूप कुजत बसली असती. मग कधीतरी एखाद्या सुट्टीच्या दिवशी तू म्हणाला असतास, ताई, एक चक्कर मारून येऊ. मीही हो म्हटलं असतं. ह्यापुढचं मी लिहीत नाही.

म्हणजे तुझ्या लबाडीनं चांगलं झालं. पण पुन्हा करू नकोस.

तुझ्या मुलाला मी पत्र लिहून माफी मागितली आहे, न केलेल्या कानउघाडणीची. सूनबाईंना खुलासा केला. त्यांचं उत्तर आलं की त्यांना हसू आवरेना, आणि चिकटपट्टी ठेवायची की काढायची हे बाबांना विचारते म्हणून.

आता तुझी जमीन. रागाचे दिवस सोडले तर काम झपाट्यानं झालं. जुन्या फळ्या ठेवून जाड पुठ्ठ्यावर आकार उतरवले, पुठ्ठे बोटीत बसवून कंपासनं कडा पुन्हा आखल्या, मग पाण्यात टिकणारं प्लायवूड कापलं. कापलेल्या कडांना तीन वेळा राळ पाजली. फळीचा पृष्ठभाग कधी दगा देत नाही, पाणी शिरतं ते कडेनं. वर सागाच्या पट्ट्या, मधे पांढरी रेघ, गिऱ्हाइकाच्या हुकमाप्रमाणे. भिंतीशी बोटाच्या पेराएवढी फट ठेवलीय. ती बघून चूक काढू नकोस. लाकूड पावसाळी हवेत फुगतं, त्याला अंग पसरायला जागा लागते. तुलाही लागते, हे आता शिकले.

घसरू नये म्हणून काय केलं, ते सांगते. शेवटचा व्हार्निशचा हात ओला असताना जिन्याच्या पायथ्याशी साखर भुरभुरली, अगदी स्वयंपाकघरातली. वाळल्यावर कोमट पाण्यानं धुतली. साखर विरघळून गेली आणि जमिनीवर बारीक खडबड राहिली. ओल्या पावलानं मी तिथे नाचून बघितलं. हे जिन्यावर बसून बघत होते. म्हणाले, "गिऱ्हाईक पैसे देणार असेल तर जरा बेतानं."

डोलकाठी पुढच्या आठवड्यात चढते. तू आलास तर दोरी धरायला उपयोगी पडशील. वरच्या खोलीत दोन दिवस राहा, जास्त नको. माझ्या अटी दोनच. रोज संध्याकाळी केबिनचा दिवा लागलेला मला खिडकीतून दिसला पाहिजे. आणि पहिल्या फेरीला सुकाणूवर मी.

ताई


२ जून

ताई,

कालपासून मी इथे राहतोय, हे तुला माहीत आहेच, कारण तूच सकाळी धक्क्यावर उभी राहून माझी पेटी झेललीस. तरी पत्र लिहितोय. सवय झालीय, आणि समोर बोलताना तू अजूनही मधेच तोंड घालतेस.

मुलगा आणि सूनबाई त्यांची परतीची गाडी सुटेपर्यंत इथे थांबले होते. मुलगा जिना उतरून आत आला, बूट काढले, मोज्यांनी चालून बघितलं. खांबाला हात लावला. मग म्हणाला, "बाबा, दुकानाच्या मागच्या खोलीला अशी जमीन आत्या करेल का?" मी म्हटलं, तिला विचारायचं धाडस तूच कर.

संध्याकाळी एकटा झालो तेव्हा थोडी भीती वाटली, खोटं का बोलू. पाणी बोटीच्या पोटाला थापट्या मारतं, दोऱ्या करकरतात. पण अनवाणी उभा राहिलो आणि जमीन खाली घट्ट होती. मग चहा केला. गोड जास्त झाला, पण माझा मी केला.

दिवा दिसला असेलच.

बारक्या


१८ जून

बारक्या,

ही चिठ्ठी ह्यांच्या हातानं पाठवतेय, ते क्रेनवर निघालेत. मला आज यायला जमणार नाही, दोन शिडं उद्या द्यायची आहेत.

कालच्या फेरीबद्दल तक्रार आहे. दुपारी परत येऊ म्हणालास आणि दिवे लागायच्या वेळेला धक्क्याला लावलीस. वारा पडला होता म्हणालास. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण डोळ्यांवर झोप होती. पण आज सकाळी बंदरावरच्या हवामानवाल्याला विचारलं. तो म्हणतो, काल संध्याकाळपर्यंत वारा एकसारखा छान होता. तुला वारा पकडता येत नाही की खोटं बोलायची खोड अजून गेली नाही? तसं असेल तर बोट चालवायला तुला पुन्हा शिकवते.

बोट उत्तम चालली. सुकाणू हातात घेतलं तेव्हा ती मान हलवून उठली. एकदा जोराचा झोत आला, बोट कलली, मी खांबाकडे बघितलं. हलला नाही.

ताई


१८ जून, दुपार

ताई,

भावोजी उत्तरासाठी धक्क्यावर थांबलेत, म्हणून लगेच लिहितो.

वारा पडला नव्हता.

तू सुकाणू माझ्या हातात दिलंस आणि चहा ठेवते म्हणून खाली गेलीस. बराच वेळ चहा आला नाही. मी वाकून बघितलं. स्टोव्ह पेटवलेलाच नव्हता. तू जमिनीवर, खांबाला डोकं लावून, आडवी झोपली होतीस. तोंड किंचित उघडं, एक हात फळ्यांवर पसरलेला. बोट कलली तरी तू हलत नव्हतीस.

तुला दिवसा झोपलेलं मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. आईच्या आजारपणात नाही, अप्पांच्या वेळी नाही, तुझ्या बाळंतपणातही नाही. कुणाची तरी शाळा, कुणाचं तरी शीड, कुणाचं तरी दुखणं, तू नेहमी उभी.

बंदर अगदी समोर आलं होतं. मी बोट वळवली आणि पुन्हा बाहेर नेली. वळताना शीड फडफडू नये म्हणून दोरी हातानं धरून हळूहळू सोडली. मग दुपारभर लाटांच्या कलानं लांब लांब फेऱ्या मारत राहिलो. तू जागी झालीस ती सूर्य उतरल्यावर, आणि विचारलंस, "पोचलो का?" मी म्हटलं, वारा पडलाय, थोडा वेळ लागेल.

रविवारी पुन्हा जाऊ. सुकाणू माझ्याकडे राहील.

बारक्या